नथूशेठची निर्जळी

एकदा एका शिष्याला वाटू लागलं की आपलं शिक्षण आता पुरं झालं. गुरूंना तसं मुळीच वाटत नव्हतं. ही हकिगत त्या दोघांमधल्या थोड्या दिवसांची आहे, आणि मध्ये सापडलेल्या एका बिचाऱ्या व्यापाऱ्याची.

गुरू म्हणजे एक वृद्ध डॉक्टर. तालुक्याच्या गावी त्यांचा जुना दवाखाना होता आणि सारं गाव त्यांना तात्या म्हणे. गाव कुठलं ते विचारू नका, असं गाव तुमच्याही तालुक्यात असेल. शिष्याचं नाव मुकुंद. वैद्यकाची पदवी घेऊन नुकताच बाहेर पडलेला, आणि अनुभव मिळावा म्हणून वर्षभर तात्यांच्या हाताखाली राहिलेला. पोरगा हुशार, हात हलका, पाठांतर तर विचारूच नका. खोट एकच होती. उत्तर त्याच्या जिभेवर आधीच तयार असे, रोगी खुर्चीत नीट टेकायच्या आत. अशा माणसांना आपल्याकडे फार मान मिळतो, हे जाता जाता सांगून ठेवतो.

गावात नथूशेठ वाणी नावाचे भुसार मालाचे व्यापारी होते. साठी ओलांडलेली, स्वभाव लोण्यासारखा, कुणाला अरे म्हणून हाक मारणार नाहीत. त्यांना बारा वर्षांपासून मधुमेह होता. गोळ्या पुरेनाशा झाल्या तेव्हा तात्यांनी त्यांना इन्सुलिनची सुई सुरू करून दिली होती. शेठ ती रोज सकाळी देवपूजेइतक्याच निष्ठेने घेत. एकच गोष्ट मात्र ते कोणासाठी सोडत नसत, ती म्हणजे एकादशी.

अशाच एका एकादशीच्या दुसऱ्या दिवशी शेठ पत्नीला, म्हणजे द्वारकाकाकूंना, घेऊन दवाखान्यात आले. मुकुंदने बोटाला टोचून रक्त यंत्रावर घेतलं. आकडा आला २८६.

"शेठ! शुगर पार डोक्यावर गेलीय. काल काय केलंत?"

"काही नाही हो. काल तर उपवास होता."

द्वारकाकाकू सरळ मनाच्या. डॉक्टरांपासून काही लपवू नये म्हणून त्यांनी एका दमात सांगून टाकलं, "साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, वरईचा भात, दाण्याची आमटी, दुपारी रताळ्याचा कीस आणि संध्याकाळी राजगिऱ्याचे दोन लाडू. एवढंच."

मुकुंदला हसू आवरेना. "काकू, हा उपवास की मेजवानी? एवढं तर मी दिवाळीत खात नाही!"

दवाखान्यात बाकावर बसलेली दहा-बारा माणसं होती. तीही हसली. काकूसुद्धा हसल्या. शेठ तेवढे हसले नाहीत, त्यांचे कान लाल झाले. मुकुंदने कागद ओढला, त्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'एकादशीच्या सकाळी सहा युनिट जास्त घेणे', आणि पुढच्या रोग्याला हाक मारली. हिशेब म्हणून त्यात काही चूक नव्हती, बरं का. एवढा साबुदाणा आणि एवढं रताळं पचवायचं तर इन्सुलिन जास्त लागणारच. शेठनी कागदाची चौघडी केली, खिशात ठेवली आणि मान खाली घालून निघून गेले.

पुढली एकादशी आली. त्या दिवशी तात्या पलीकडच्या आळीत एका आजाऱ्याला पाहायला गेले होते. अकराच्या सुमाराला शेठच्या दुकानातला हमाल धापा टाकत दवाखान्यात आला. "डॉक्टरसाहेब, लवकर चला. शेठना काहीतरी झालंय. गिऱ्हाइकांना शिव्या देतायत!"

नथूशेठ आणि शिव्या? मुकुंद तसाच धावला. दुकानापुढे गर्दी जमली होती. शेठ गादीवर बसले होते, सदरा घामाने अंगाला चिकटलेला, हात थरथरत होते. डाळ घ्यायला आलेल्या एका म्हाताऱ्याला ते "चालता हो" म्हणून ओरडत होते आणि मधूनच लहान मुलासारखं म्हणत होते, "गूळ द्या मला. गूळ."

काकू आतून गुळाचा खडा घेऊन आल्याच होत्या. मुकुंदने त्यांचा हात अडवला.

"काकू, अजिबात नाही! आज एकादशी ना?"

"हो."

"मग झालंच तर. शुगर तीनशेच्या वर गेली असणार. त्यात तुम्ही गूळ देता? जीव घ्यायचाय का त्यांचा?"

बिचाऱ्या काकू घाबरून जागीच थांबल्या. डॉक्टर सांगतोय म्हटल्यावर आणखी काय करणार? मुकुंदने हमालाला दवाखान्यातून यंत्र आणायला पिटाळलं आणि शेठना वारा घालू लागला. गुळाचा खडा आणि शेठचं तोंड यांत दोन हातांचं अंतर होतं, आणि बरोबर मध्ये आमचे विद्वान उभे होते. शेठचं ओरडणं हळूहळू थांबलं. मुकुंदला वाटलं, चला, शांत झाले. पण ते शांत झाले नव्हते, त्यांची जीभ जड व्हायला लागली होती आणि डोळे मिटत होते.

तेवढ्यात बातमी कळून तात्या आले. गर्दी बाजूला सारून त्यांनी शेठच्या कपाळावर पालथा हात ठेवला. कपाळ गार होतं आणि ओलं. त्यांनी मान वळवून काकूंना विचारलं, "वहिनी, सकाळपासून पोटात काय गेलंय?"

"थेंबसुद्धा नाही, तात्या. या खेपेला निर्जळी धरलीय. मागं दवाखान्यात सगळे हसले ना, ते मनाला लागलं त्यांच्या. म्हणाले, करायची तर खरी एकादशी करीन."

"आणि सुई?"

"ती घेतली की. कागदावर लिहिलंय तशी, जास्तीची."

दुकानातल्याच साखरेच्या पोत्यात त्यांनी वाटी बुडवली, तांब्यातलं पाणी पेल्यात ओतून त्यात तीन-चार चमचे साखर ढवळली आणि शेठच्या खांद्यामागे हात घालून त्यांना बसतं केलं. "नथूशेठ, माझ्याकडे बघा. गिळता येतंय? मग प्या हे."

"तात्या!" मुकुंद ओरडला. "मधुमेही आहेत ते! साखर देताय?"

"वाटेतून बाजूला हो."

तीस जणांसमोर तात्या त्याच्याशी असे पहिल्यांदाच बोलले होते. मुकुंद बाजूला झाला. शेठनी घोट घोट करून पेला संपवला. यंत्र आलं, आणि एवढी साखर पोटात जाऊनही आकडा दिसला तो ४८. मुकुंदने तो दोनदा वाचला. आणखी पाव तास काकूंचा हात अडवून धरला असता तर काय झालं असतं, हे त्याला पुस्तकात पाहावं लागणार नव्हतं.

थोड्या वेळाने शेठ ताठ बसले. गर्दीकडे बघून नेहमीच्या मवाळ आवाजात म्हणाले, "काय हो, एवढी मंडळी का जमलीत? काही तंटा झाला का?" लोक हसले आणि पांगले. पण रिकाम्या पेल्याकडे लक्ष जाताच शेठचा चेहरा उतरला. आपला निर्जळीचा संकल्प मोडला हे त्यांना कळलं, आणि हा साठीचा माणूस सगळ्यांदेखत रडला. काकूंनी भरवलेली वरई त्यांनी कशीबशी खाल्ली. मग डोळे पुसून म्हणाले, "तात्या, तुम्ही जीव वाचवलात, उपकार झाले. पण ही सुई आता बंद. तिनंच घात केला माझा."

तात्यांनी समजावून पाहिलं, शेठ ऐकेनात.

परतताना मुकुंदला वाटत होतं, आता तात्या झापणार. तेही बरं झालं असतं, शिक्षा मिळाली की मन हलकं होतं. पण तात्या भलतंच बोलले. "उद्या तू उपास कर. पाण्याखेरीज काही घ्यायचं नाही. आणि दर चार तासांनी स्वतःची शुगर मोजून लिहून ठेव."

याचा अर्थ मुकुंदला कळेना, पण विचारायची हिंमतही नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला शुगर आली ९४. दहाला ८८. पोटात कावळे कोकलत होते. दुपारी दोनला ८५. चारला तात्यांनी त्याला गावाबाहेरच्या टेकडीवर पाठवून धावत चढायला लावलं. संध्याकाळी सहाला पाहतो तर ८६. सबंध दिवस अन्नाचा कण नाही, वर टेकडी चढून आला, आणि आकडा जागचा हलायला तयार नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनी त्याच्या हातात साखरेचं गोडमिट्ट सरबत दिलं. "घे. उपास सोड." अर्ध्या तासाने मोजली तर १४२. दोन तासांनी ९१.

"बोल आता," तात्या म्हणाले. "काल दिवसभर काही खाल्लं नाहीस, तर रक्तात साखर आली कुठून? आणि आज एवढी प्यालास, ती गेली कुठे?"

मुकुंदने पटापट सांगितलं. जेवणानंतर साखर वाढली की स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटतं. ते पेशींची दारं उघडतं, साखर आत जाते, उरलेली यकृतात साठून राहते. उपाशी असलं की इन्सुलिन मागे हटतं आणि त्याच स्वादुपिंडातून ग्लुकागॉन सुटतं. ते यकृतातला साठा मोकळा करून साखर रक्तात आणून सोडतं. साखर फारच घसरली तर अ‍ॅड्रिनलिनही धावून येतं, मग घाम सुटतो, हात थरथरतात, चिडचिड होते, खाण्याची वासना होते...

इथे तो अडखळला. घाम, थरथर, चिडचिड आणि "गूळ द्या." त्याने मान खाली घातली.

"परीक्षेत या प्रश्नाला किती गुण मिळाले होते?" तात्यांनी विचारलं.

"पैकीच्या पैकी."

"मग परवा दुकानात ते सगळं कुठं गेलं होतं? त्या माणसाचं शरीर घसा फोडून सांगत होतं की साखर संपत आलीय, आणि तू त्याला वारा घालत होतास."

मुकुंदच्या डोळ्यांत पाणी आलं. तात्यांनी त्याला जवळ बसवलं. रागावणं त्यांना फार वेळ जमत नसे.

"मला सांग, तुझ्या यकृताला काल साखर सोडायला कुणी सांगितलं?"

"ग्लुकागॉननं."

"आणि ग्लुकागॉन सोडायची वेळ झाली हे स्वादुपिंडाला कुणी सांगितलं?"

मुकुंद विचारात पडला. "कुणी सांगितलं नाही, तात्या. त्यालाच कळतं. त्याच्यातून जे रक्त वाहतं, त्यात साखर किती आहे हे त्या पेशी सतत पाहत असतात."

"सतत म्हणजे?"

"क्षणोक्षणी. झोपेतसुद्धा."

"आता ऐक," तात्या म्हणाले. "आपल्या सगळ्या अंगातलं रक्त गोळा केलं, तर त्यात एका वेळी चहाचा चमचाभर साखर असते. एवढीशी! फार वाढली तर डोळे जातात, मूत्रपिंडं जातात, पण त्याला वर्षं लागतात. फार कमी झाली तर मेंदू तासाभरात हात टेकतो. या चमच्याची राखण करायला निसर्गानं दोघांना नेमलंय. नथूशेठच्या दुकानात नाही का, माल आला की तो आत कोठारात लावणारा एक, आणि दुकानात माल संपत आला की कोठारातून बाहेर काढून देणारा दुसरा? तसंच हे. एक साखर उतरवतो, एक चढवतो. वरवर पाहणाऱ्याला वाटेल यांचं हाडवैर आहे. पण दोघंही एकाच घरात राहतात आणि कामाला उठण्यापूर्वी एकच प्रश्न विचारतात, आत्ता किती आहे? तू खिचडी खा, निर्जळी राहा, टेकडी चढ नाहीतर सरबत पी, ते तुला हसत नाहीत आणि काही धरूनही चालत नाहीत. विचारतात आणि मग करतात. शेठचं स्वादुपिंड थकलंय, म्हणून आपण इन्सुलिन बाहेरून देतो. औषध तेच, गुणही तेच. पण सुईतून गेलेलं इन्सुलिन कुणाला काही विचारत नाही, मुकुंदा. माणूस जेवलाय की उपाशी आहे, त्याला पत्ता नसतो. एकदा आत गेलं की मागे बोलावता येत नाही. शेठच्या शरीरानं परवा कोठार उघडायची धडपड केलीच असणार, पण तुझ्या सहा युनिटांपुढे ती तोकडी पडली. जो प्रश्न सुईला विचारता येत नाही, तो सुई देणाऱ्यानं विचारायचा असतो. तू दर एकादशीचं उत्तर एकदाच लिहून टाकलंस."

मुकुंद म्हणाला, "मी हसलो नसतो तर त्यांनी निर्जळी धरली नसती."

"हो," तात्या म्हणाले. त्यांनी त्याची समजूत घातली नाही.

इतक्यात द्वारकाकाकू दारात आल्या. चेहरा ओढलेला. "तात्या, दोन दिवस झाले, सुईला हात लावत नाहीत. सारखी तहान तहान करतात, रात्रीतून पाच वेळा उठतात. आज तर पायात त्राण नाही म्हणतात. आता तुम्हीच चला."

आधी जास्त सुईने गेले असते, आता बिनसुईचे चालले होते. तात्यांनी मुकुंदकडे पाहिलं. "मी नाही यायचो. हा येईल."

मुकुंद काकूंबरोबर निघाला. भर दुपार होती, दुकानात गिऱ्हाईक होतं. शेठ गादीवर लोडाला टेकून बसले होते, बाजूला पाण्याचा तांब्या. मुकुंदला पाहताच त्यांनी तोंड फिरवलं. काकू म्हणाल्या, "आत बसून बोला ना." मुकुंद म्हणाला, "नको. मी हसलो ते सगळ्यांदेखत, आता बोलतो तेही सगळ्यांदेखतच." आणि खरोखरच, डाळ-तांदूळ घ्यायला आलेल्या माणसांसमोर तो हात जोडून उभा राहिला.

"शेठ, सुईनं घात केला नाही. मी केला. तुमच्या उपवासाची मी थट्टा केली, आणि त्या दिवशी काय खाल्लंय हे न विचारता गुळाचा खडा अडवला. काकूंचं बरोबर होतं, माझं चुकलं. तुमचा संकल्प तुम्ही मोडला नाहीत, तो माझ्यामुळे मोडला."

डाळ मोजणाऱ्या हमालाचा हात तसाच थांबला. एवढा शिकलेला डॉक्टर चूक झाली म्हणतो, हे बऱ्याच जणांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं असावं. शेठनी सावकाश मान वळवली.

"अहो, असं काय करता? बसा, बसा आधी." लोण्याचा माणूस, तो किती वेळ रुसणार? "झालं ते झालं. पण मला सांगा, पुढल्या एकादशीला मी काय करायचं?"

उत्तर मुकुंदच्या जिभेवर आलं होतं. तयारच होतं ते. त्याने ते गिळलं आणि तिथल्याच एका पोत्यावर बसला.

"आधी तुम्ही सांगा, शेठ. एकादशी का धरता?"

शेठनी चमकून पाहिलं. "एकतीस वर्षं झाली, हे कुणी विचारलं नव्हतं हो." मग घसा साफ करून ते सांगू लागले. थोरली मुलगी दोन वर्षांची असताना तापाने फणफणली होती, तीन दिवस डोळे उघडले नव्हते. त्या तिसऱ्या दिवशी एकादशी होती. घरात कुणीच जेवलं नव्हतं, आणि तिन्हीसांजेला पोरीने डोळे उघडून पाणी मागितलं. "तेव्हापासून. देवाला काही कबूल केलं नव्हतं, पण सुटलं नाही ते सुटलंच नाही. खिचडी-बिचडी मागाहून आली. ही प्रेमानं करते, नाही कसं म्हणू?"

काकूंनी पदर डोळ्याला लावला. "मला काय ठाऊक तुम्हाला नको असायची!"

"नको असं नाही गं," शेठ घाईघाईने म्हणाले, आणि दुकानभर हशा पिकला. या खेपेला शेठही हसले.

मग तिघांची बैठक बसली. उपवासाला थोडं काय खायचं, किती वेळाने खायचं, त्या सकाळी सुई कमी करायची ती किती, मधे शुगर केव्हा मोजायची, खिशात साखरेची पुडी ठेवायची आणि घाम सुटला की संकल्प बाजूला ठेवून ती आधी तोंडात टाकायची. शेठनी एकच हट्ट धरला, रताळं बंद करू नका. मुकुंदने एवढंच विचारलं, केवढं खाता ते हातानं दाखवा. शेठनी दाखवलं, काकूंनी त्यांचा हात धरून अर्ध्यावर आणला, आणि ते मुकुंदने लिहून घेतलं. ठरलेलं सगळं तात्यांना दाखवून मगच पक्कं करू, असंही तो म्हणाला.

शेठनी आपणहून बोट पुढे केलं. आकडा मोठा होता, पण मुकुंद काही बोलला नाही. त्याने पिशवीतून सुई काढली, बाटली हातात घेतली, आणि औषध भरण्याआधी थांबला.

"शेठ, आज सकाळपासून काय काय खाल्लंत?"